फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटला परीक्षा सक्तीची, मग स्लॅब टाकणाऱ्या ठेकेदाराला का नाही?

घर बांधायला काढलं किंवा जुन्या फ्लॅटचं काम करायचं ठरलं, की घरात पहिली चर्चा होते ती ठेकेदाराची. तो बहुतेक वेळा ओळखीतूनच मिळतो. कुणी शेजारच्या बंगल्याचं काम केलेलं असतं, कुणी मेहुण्याच्या सोसायटीत वॉटरप्रूफिंग केलेलं असतं. चौरस फुटाचा दर ठरतो, बयाणा दिला जातो आणि काम सुरू होतं. 'हे काम करण्याचा परवाना आहे का?' असं मात्र सहसा कुणी विचारत नाही.

विचारलं तरी उत्तर मिळणं अवघड आहे. कारण महाराष्ट्रात खासगी घराचं बांधकाम किंवा दुरुस्ती करणाऱ्या ठेकेदाराचं कौशल्य तपासून त्याला परवाना देणारी राज्यस्तरीय व्यवस्थाच नाही. वायरिंग करणाऱ्याला परवाना लागतो, लिफ्ट बसवणाऱ्याला लागतो. महारेरात नोंदणी झालेल्या प्रकल्पातला फ्लॅट विकायचा असेल, तर एजंटला परीक्षासुद्धा द्यावी लागते. ज्याच्या हातात कॉलम, बीम आणि स्लॅब असतात, तो माणूस मात्र या चौकटीच्या बाहेर आहे.

असं का झालं? त्याचा ग्राहकाला आणि साइटवरच्या मजुराला काय फटका बसतो? आणि परवाना आणला तर प्रश्न सुटेल का?

परवाना नेमका कुणाला लागतो?

सगळ्यात जुनी आणि पक्की व्यवस्था विजेच्या कामाची आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार विजेच्या मांडणीचं काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायचं असतं. ते काम सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावं लागतं आणि प्रत्यक्ष तारा ओढणाऱ्याकडेही परवाना असावा लागतो. म्हणजे ठेकेदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री अशा तीन पायऱ्यांवर तपासणी आहे.

यातून सूट आहे ती किरकोळ बदलांना. बल्ब, पंखा, फ्यूज किंवा स्विच त्याच क्षमतेचा बदलायचा असेल, तर परवानाधारक माणूस बोलावण्याची सक्ती नाही. पण घराचं नवं वायरिंग त्यात बसत नाही. म्हणूनच महावितरणकडे नवी वीजजोडणी मागताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो.

लिफ्टसाठी आधी १९३९ चा कायदा होता. त्याची जागा २०१७ च्या महाराष्ट्र उद्वाहने, सरकते जिने व सरकते मार्ग यांच्याविषयीच्या कायद्याने घेतली. आग विझवण्याच्या यंत्रणेसाठी राज्याचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. ही यंत्रणा बसवण्याचं आणि तिच्या देखभालीचं काम परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्यायचं असतं. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. नळजोडणीसाठी मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांकडे परवानाधारक प्लंबरांची पद्धत आहे.

नकाशा काढणाऱ्याचं आणि घर विकणाऱ्याचं काय?

तेही नोंदणीच्या चौकटीत आहेत. आर्किटेक्टची नोंदणी १९७२ च्या केंद्रीय कायद्याखाली होते. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं वगळता राज्यभर लागू असलेल्या डिसेंबर २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत अभियंता, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सुपरवायझर यांच्यासाठी पात्रता आणि जबाबदाऱ्या ठरवून दिलेल्या आहेत.

विकणाऱ्यावर रेरा कायदा आहे. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त असतील, तर विक्रीसाठीच्या प्रकल्पाची नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकून देणाऱ्या एजंटलाही नोंदणी लागते. २०२३ मध्ये महारेराने या एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली.

या प्रकल्पांत ठेकेदाराचा उल्लेख येतो, पण तो माहितीपुरता. बिल्डरने आपल्या ठेकेदाराचं, आर्किटेक्टचं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नाव जाहीर करायचं असतं. त्या ठेकेदाराची पात्रता काय असावी, हे रेरा सांगत नाही. घरात दोष निघाला तर ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरची असते.

त्यामुळे नोंदणीकृत प्रकल्पातल्या फ्लॅटधारकाला दाद मागायला निदान एक दार तरी आहे. गावाकडे स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला किंवा ३० वर्षांच्या फ्लॅटचं नूतनीकरण करणाऱ्याला ते दारही नाही. तिथे बिल्डर नसतो. घरमालक आणि ठेकेदार हे दोघंच असतात.

पण ठेकेदार तर 'रजिस्टर्ड' असतात ना?

व्हिजिटिंग कार्डावर 'गव्हर्नमेंट रजिस्टर्ड काँट्रॅक्टर' असं छापलेलं अनेकदा दिसतं. त्यामागे चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्यातली एकही कौशल्याची हमी नाही.

पहिली गोष्ट म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागातली नोंदणी. ही सरकारी कामांचं टेंडर भरण्यासाठी असते. किती रकमेपर्यंतचं काम घेता येईल, यावर तिची वर्गवारी ठरते. लहान सरकारी कामं सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले ठेकेदार यांच्यात ठरावीक प्रमाणात वाटली जातात, तीही याच व्यवस्थेतून. खासगी घरमालकाशी या नोंदणीचा संबंध येत नाही.

दुसरी गोष्ट 'गुमास्ता', म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालचा कागद. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीही लागत नाही, व्यवसाय सुरू केल्याची सूचना ऑनलाइन दिली की पुरतं.

तिसरी 'उद्यम' नोंदणी. ती मोफत असते आणि अर्जदाराने स्वतः दिलेल्या माहितीवर होते. चौथी जीएसटी, जी फक्त कर भरण्याची व्यवस्था आहे.

या सगळ्यातून ठेकेदाराचा पत्ता, उलाढाल आणि पॅन कळतो. सळईचं अंतर किती ठेवायचं, सेंट्रिंग किती दिवसांनी काढायचं किंवा भिंत पाडताना बीमला आधार कुठे द्यायचा, हे त्याला येतं का, ते यातल्या कुठल्याच कागदावरून कळत नाही.

कामगार कायद्यातला परवाना वेगळा आहे

ठेकेदाराच्या परवान्याची चर्चा निघाली की अनेकांना कंत्राटी कामगार कायदा आठवतो. तो परवाना आहे, पण तो माणसं मोजतो.

१९७० च्या केंद्रीय कायद्यात २० किंवा त्याहून जास्त कंत्राटी कामगार ठेवणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागत असे. महाराष्ट्राने ही मर्यादा पुढे ५० वर नेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेतही ही मर्यादा ५० च आहे.

एखादा बंगला बांधणारा ठेकेदार १०-१२ माणसं घेऊन काम करतो. फ्लॅटचं नूतनीकरण करणाऱ्याकडे चार-सहाच असतात. परवान्याच्या दृष्टीने हे ठेकेदार दिसतच नाहीत.

संहितेतला आणखी एक बदल फारसा चर्चेत आला नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात स्वतःच्या राहत्या घराच्या १० लाख रुपयांपर्यंतच्या कामाला सूट होती. नव्या संहितेत बांधकामाच्या व्याख्येतून वगळलेल्या अशा घराच्या खर्चाची मर्यादा ५० लाखांवर गेली आहे. जुनी १० लाखांची मर्यादा आजच्या बांधकाम खर्चात कालबाह्य झाली होती, हे खरं. पण ५० लाखांत जिल्ह्याच्या ठिकाणी चांगलं दुमजली घर उभं राहतं. त्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर परांचीवर उभा असलेला गवंडी त्यामुळे बांधकाम कामगारांसाठीच्या खास संरक्षणाबाहेर जाऊ शकतो.

ठेकेदाराला परवाना नाही आणि साइट कायद्याच्या व्याख्येत नाही. लहान खासगी कामांवर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात.

यातून बिघडतं काय?

बहुतेक वेळा नुकसान पैशाचं होतं. गळणारं बाथरूम, फुगलेलं प्लास्टर, अर्धवट सोडलेलं काम, बुडालेला ॲडव्हान्स. पण कधी कधी किंमत याहून फार मोठी असते.

२५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरमधली सिद्धिसाई ही इमारत कोसळली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम सुरू होतं. त्यात इमारतीच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवरच्या कुटुंबांचा त्या कामाशी काही संबंध नव्हता.

एका घरातल्या कामाचा धोका त्या घरापुरता राहत नाही, हे अशा दुर्घटनांमधून दिसतं. वायरिंगला परवाना लावण्यामागेही हाच विचार होता. एकाच्या घरातल्या शॉर्टसर्किटने सगळी इमारत पेटू शकते, म्हणून सरकार त्यात पडलं. खांबाच्या बाबतीत तोच तर्क लागू होतो, पण तिथे सरकारने परवानगी ठेवली आहे ती कामाला. मुंबई महापालिकेच्या कायद्यात फरशी, प्लास्टर, रंग अशा किरकोळ दुरुस्तीला सूट आहे, रचनेत बदल करायचा असेल तर परवानगी आणि तज्ज्ञ लागतो. सोसायटीच्या उपविधींनुसार समितीची लेखी परवानगीही लागते.

कागदावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असते. घण हातात घेणाऱ्याची मात्र नोंद कुठेच नसते. त्याने चूक केली तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या इमारतीत काम घेण्यापासून त्याला रोखणारी यंत्रणाही नाही. गुन्हा दाखल झाला तरी काढून घ्यायला परवानाच नसतो.

जगात इतरत्र काय पद्धत आहे?

अमेरिकेत हा विषय राज्यांकडे आहे आणि राज्यागणिक उत्तरं वेगळी आहेत. सगळ्यात कडक राज्यांमध्ये कॅलिफोर्निया येतं. तिथे १९२९ पासून ठेकेदारांसाठी स्वतंत्र परवाना मंडळ आहे. परवान्यासाठी साधारण चार वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. कायदा-व्यवसाय आणि आपला धंदा अशा दोन विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात. शिवाय २५,००० डॉलरचा बाँड ठेवावा लागतो, ज्यातून फसलेल्या ग्राहकाला किंवा पगार थकलेल्या कामगाराला भरपाई मागता येते.

घरदुरुस्तीच्या कामात ठेकेदार ॲडव्हान्स घेऊ शकतो तो फक्त एकूण रकमेच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातली जी रक्कम कमी असेल तेवढाच. विनापरवाना काम केलं तर कोर्टात जाऊन मजुरी मागता येत नाही, उलट घेतलेले पैसे ग्राहक परत मागू शकतो.

तरीही कॅलिफोर्नियाला नियम सैल करावा लागला. ५०० डॉलरच्या पुढच्या कामाला परवाना अशी मर्यादा अनेक वर्षं होती. महागाईमुळे साधी किरकोळ कामंही त्यात अडकू लागली, म्हणून १ जानेवारी २०२५ पासून ती १,००० डॉलर झाली. त्याखालच्या कामाला सूट मिळते, पण कामाला बांधकाम परवानगी लागत असेल किंवा हाताखाली कामगार ठेवले असतील तर ती सूट जाते.

टेक्ससची पद्धत याच्या उलट आहे. तिथे सर्वसाधारण बांधकाम ठेकेदाराला राज्याचा परवाना लागत नाही. इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि एसीचं काम करणाऱ्याला लागतो. महाराष्ट्राचं चित्र टेक्ससच्या जवळ जाणारं आहे. फरक इतकाच की महाराष्ट्रात ते विचार करून निवडलेलं धोरण वाटत नाही. वीज, लिफ्ट, आग, रेरा असे कायदे एकेक करून आले आणि मधली जागा रिकामी राहिली.

मग परवाना आणावा का?

याला विरोध करणाऱ्यांचे मुद्दे हलके नाहीत.

महाराष्ट्रातले अनेक लहान ठेकेदार गवंडीकामातून किंवा सेंट्रिंगमधून वर आलेले आहेत. कुणी बिहार-उत्तर प्रदेशातून आलेलं असतं, कुणी मराठवाड्यातून. हातात कला आहे, शाळेचा दाखला नाही. लेखी परीक्षा आणि मोठी अनामत रक्कम ठेवली, तर पहिल्यांदा हेच बाहेर फेकले जातील. काम तेच करतील, पण परवाना असलेल्या दुसऱ्याच्या नावावर.

'सही भाड्याने' मिळण्याची तक्रार वीजकामात जुनीच आहे. परवाना एकाचा, वायरिंग दुसऱ्याचं आणि टेस्ट रिपोर्टवर शिक्का तिसऱ्यासमोर, असं होत असेल, तर आणखी एक परवाना म्हणजे आणखी एक खिडकी आणि आणखी एक 'चहापाणी', अशी भीती लोकांना वाटते. तपासायला माणसं नसतील तर परवाना भिंतीवरची फ्रेम होऊन राहतो. शिवाय ठेकेदारांची संख्या कमी झाली की दर वाढतात, आणि ते घर बांधणाऱ्यालाच भरावे लागतात.

पण आजची स्थितीही फुकट नाही. तिची किंमत घरमालक बुडालेल्या ॲडव्हान्समध्ये मोजतो आणि मजूर आपल्या जिवाने. चांगला ठेकेदारही तोट्यात असतो, कारण सळई चोरून दर पाडणाऱ्याशी त्याला स्पर्धा करावी लागते आणि आपण वेगळे आहोत हे सिद्ध करायला त्याच्याकडे काहीच नसतं.

त्यामुळे प्रश्न 'परवाना हवा की नको' एवढाच नाही. तो कुठल्या कामासाठी हवा, हे आधी ठरवावं लागेल. रंग, फरशी, फर्निचर यांसाठी परीक्षा घेण्यात अर्थ नाही. तिथे नोंदणी आणि तक्रारीचा इतिहास दिसणं पुरेसं आहे. कॉलम, बीम, स्लॅब आणि भिंत पाडण्याच्या कामाला मात्र वीजकामासारखीच पात्रता लावता येईल.

ती पात्रता लेखीच असायला हवी असंही नाही. अनुभवातून शिकलेलं कौशल्य प्रत्यक्ष काम करून दाखवून प्रमाणित करण्याची पद्धत केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आधीपासून आहे. गवंडी किंवा सळई बांधणारा शाळेत न जाता ते प्रमाणपत्र घेऊ शकतो. ते ठेकेदाराच्या नोंदणीशी जोडलेलं नाही, एवढीच अडचण आहे. सार्वजनिक यादीचा नमुनाही समोर आहे. महारेराच्या संकेतस्थळावर कुणालाही घरबसल्या प्रकल्प आणि एजंट तपासता येतो. ठेकेदारासाठी तशी यादी करायला नवं तंत्रज्ञान लागणार नाही.

तोपर्यंत ग्राहकाच्या हातात काय आहे?

कायदा येईल तेव्हा येईल. आजही काही गोष्टी ग्राहकाच्या बाजूने आहेत.

• जिथे परवाना आहे, तिथे तो मागावा. वायरिंगसाठी विद्युत ठेकेदाराचा परवाना क्रमांक आणि मुदत पाहावी. 'लायसन्स आहे' म्हणून गुमास्ता किंवा उद्यमचा कागद दाखवला, तर तो परवाना नव्हे.

• करार लेखी असावा. चौरस फुटाचा दर फक्त मजुरीचा की मटेरियलसह, सिमेंट-सळईचा दर्जा काय, काम कधी संपणार, गळती लागली तर किती काळ मोफत दुरुस्ती, हे साध्या मराठीत लिहून दोघांनी सही करावी.

• पैसे कामाच्या टप्प्यावर द्यावेत. पाया, प्लिंथ, स्लॅब, प्लास्टर असे टप्पे पाडावेत आणि शेवटचा हप्ता दोष दूर होईपर्यंत राखून ठेवावा. रोख दिलं तर पावती घ्यावी. ॲडव्हान्सवर आपल्याकडे कायद्याची मर्यादा नाही, ती करारात घालता येते.

• खांब, बीम किंवा भिंतीला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं. 'ही भिंत नुसती आडवी आहे, काढली तरी चालते' हे ठेकेदाराचं तोंडी मत पुरेसं नाही. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल, तर तिच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल सोसायटीकडे मागावा.

• फसवणूक झाली तर ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही 'सेवा' मानली आहे. काम निकृष्ट निघालं तर दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारात तक्रारीचं शुल्कही नाही. पण त्यासाठी करार, पावत्या, फोटो आणि मेसेज जपून ठेवायला हवेत.

ही सगळी खबरदारी घेऊनही एक गोष्ट ग्राहकाला कळत नाही. समोरच्या ठेकेदाराने याआधी कुणाचं घर बिघडवलं आहे का? कुणाचा मजूर त्याच्या साइटवर पडला आहे का? ती माहिती आज पोलीस ठाण्यात, ग्राहक आयोगात आणि शेजाऱ्यांच्या तोंडी विखुरलेली आहे. परवाना द्यायचा की नाही, यावर सरकारला वेळ घ्यायचा असेल तर घ्यावा. निदान ती माहिती एका जागी आणायला कुणाची हरकत असण्याचं कारण नाही.